गोळी थांबवू नका, ऊन अडवा

प्रश्न : सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका शेतकरी ताईंचं पत्र आलं आहे. वय ४७. दोन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे. पाकिटावर टेल्मिसार्टन ४० मि.ग्रॅ. आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ मि.ग्रॅ. असं लिहिलेलं. यंदा लावणी सुरू होताना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरा-गुरांच्या मुतातून पसरणारा रोग) होऊ नये म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातून डॉक्सिसायक्लिनच्या १०० मि.ग्रॅ.च्या दोन कॅप्सूल आठवड्यातून एकदा घ्यायला मिळाल्या. दुसऱ्या आठवड्याच्या कॅप्सूल त्यांनी सकाळी न्याहारीबरोबर घेतल्या आणि दिवसभर लावणी केली. चार दिवस कोसळून पाऊस त्या दिवशी उघडला होता. रात्री मान आणि हात चुरचुरायला लागले. दुसऱ्या दिवशी मानेची मागची बाजू ब्लाउजच्या काठापर्यंत आणि हात कोपरापासून बोटांपर्यंत काळपट-लाल, गरम आणि दुखरे झाले. काळेपणा जावा म्हणून कुणी सांगितलं तसं लिंबू पिळून बेसन लावलं, धुतलं आणि पुन्हा मळ्यात गेल्या. दोन दिवसांत हातांवर ओघळ उतरावेत तसे गडद पट्टे आणि बारीक फोड उठले. "गोळ्या उष्ण पडल्या, बंद कर," असं शेजारणीने सांगितल्यावर त्यांनी पाच दिवस रक्तदाबाची गोळी घेतलेली नाही. या आठवड्याच्या कॅप्सूलही घेतल्या नाहीत. पुण्याची मुलगी फोनवर सनस्क्रीन लावायला सांगते आहे. त्या विचारतात : गोळ्या बंद केल्या ते बरोबर ना? जन्म उन्हात गेला, कधी काही झालं नाही, मग आताच का? अजून आठ-दहा दिवसांची लावणी उरली आहे, तिचं काय करू?

उत्तर :

ताई, आधी आज करायची कामं सांगतो. आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात जाऊन रक्तदाब मोजून घ्या. जाताना दोन्ही औषधांची पाकिटं सोबत न्या, हात-मान दाखवा आणि "पाच दिवस गोळी घेतली नाही" हे स्पष्ट सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. रक्तदाबाची गोळी आजच, डॉक्टरांना विचारून, पुन्हा सुरू व्हायला हवी. तीच की दुसरी, हे ते ठरवतील. राहिलेल्या दिवसांच्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत, कॅप्सूलही दोनाच्या चार करायच्या नाहीत. रक्तदाब १८०/१२० च्या वर असेल आणि डोकं ठणकत असेल, छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा डोळ्यांपुढे धूसर दिसत असेल, तर उपकेंद्रावर न थांबता सरळ रुग्णालय गाठा.

आता शेजारणीच्या म्हणण्याकडे येऊ. तिच्या बोलण्यात अर्धं खरं आहे. तुमच्या त्रासात गोळ्यांचा हात असण्याची शक्यता बरीच आहे. पण गोळी पोटात गेली आणि अंगात उष्णता वाढली, असं ते नाही. काही औषधं रक्तातून कातडीत पोचतात आणि तिथे बसून प्रकाश शोषतात. अंधारात ती कातडीला काही करत नाहीत. त्यांच्यावर उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण पडले की त्या शोषलेल्या ऊर्जेने आजूबाजूच्या पेशी भाजून निघतात. म्हणजे इजा व्हायला औषध आणि ऊन दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी हवीत. तुमच्या अंगावरचा पुरावा तेच सांगतो : औषध सगळ्या अंगात होतं, पण भाजलं ते ब्लाउजच्या काठापर्यंतच. ब्लाउजखालच्या कातडीतही तेवढंच औषध होतं, तिला काही झालं नाही. त्यामुळे तुमच्यापुढे गोळी बंद करणं हा एकच रस्ता नाही. ऊन अडवणं हा दुसरा आहे, आणि तुमच्या बाबतीत तोच कमी धोक्याचा.

उन्हात अशी भाजवणारी जी औषधं आहेत, त्यांच्या यादीत तुमच्याकडच्या दोन्ही औषधांचं नाव आहे. डॉक्सिसायक्लिन हे त्यातलं ठळक उदाहरण. रक्तदाबाच्या गोळीतलं टेल्मिसार्टन सहसा असा त्रास देत नाही. देतं ते हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवी वाढवणारा भाग. अनेक कंपन्यांच्या गोळ्यांच्या नावाशेवटी 'एच' असतो तो याच औषधाचा, म्हणून वाचकांनी आपलं पाकीट एकदा उलटून घटक वाचून घ्यावेत. दोन वर्षं निभावलं ते एका औषधावर. यंदा त्यात दुसऱ्याची भर पडली, कॅप्सूल सकाळी घेतल्यामुळे दुपारी रक्तात तिचं प्रमाण भरपूर होतं, आणि त्याच दिवशी तुम्ही ओणव्याने आठ तास काढलेत. 'आताच का?' याचं माझ्या मते हेच उत्तर आहे.

पण त्या उत्तरात एक गोष्ट राहते. पावसाळ्यात कसलं आलंय ऊन, असं आपल्याकडे सगळ्यांनाच वाटतं. ऊन किती कडक हे आपण उकाड्यावरून ठरवतो, आणि अतिनील किरणांचा उकाड्याशी संबंध नाही. ते सूर्य डोक्यावर किती उंच आहे यावर ठरतात. तुमच्या जिल्ह्यात शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो दिवस, मेच्या पहिल्या आठवड्यात एकदा येतो आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पुन्हा. या दोन दिवसांच्या मधल्या पूर्ण काळात, म्हणजे जून-जुलैतही, भरदुपारी सूर्य अगदी माथ्यावर किंवा त्याच्या सात-साडेसात अंशांच्या आतच असतो. चार दिवसांच्या पावसानंतर लख्ख उघडीप पडली की वारा गार असतो, अंग भिजलेलं असतं, चटका जाणवत नाही, आणि किरण मात्र मेइतकेच तीव्र असतात. पातळ ढगांतूनही ते बरेचसे खाली येतात. सोपी खूण अशी की जमिनीवरची आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसली, तर त्या वेळचं ऊन कातडीला भाजणारं आहे, हवा कितीही गार असो.

सावळ्या कातडीला उन्हाचं काय, हा समजही इथेच तपासू. कातडीला सावळा रंग देणारं मेलॅनिन खरंच मोठं संरक्षण देतं. गोऱ्या युरोपीय माणसाला अर्ध्या तासात जे होतं ते तुम्हाला कितीतरी उशिरा होतं. पण सावळी कातडी भाजते, फक्त ती लालभडक दिसत नाही. ती काळवंडते, ताणल्यासारखी होते, हात लावला तर गरम लागते, अंघोळीचं पाणी पडलं की झोंबते. उन्हातून आल्यावर तीन ते सहा तासांनी हे सुरू होतं, बारा ते चोवीस तासांत शिगेला जातं, चार-पाच दिवसांनी कातडी सोलवटते. लाली दिसत नाही म्हणून डॉक्टरसुद्धा कधीकधी 'काही नाही' म्हणून सोडून देतात. म्हणून सांगताना 'काळं पडलं' एवढंच न म्हणता 'गरम आहे, दुखतं, रात्री चुरचुरत होतं' असं सांगा.

आता लिंबू. ताई, हातांवरचे ओघळासारखे पट्टे आणि फोड हे गोळ्यांचं काम वाटत नाही, ते लिंबाचं आहे. लिंबाच्या रसात, आणि सालीत त्याहून जास्त, फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन लागलं की जिथे रस लागला तिथेच भाजतं. म्हणून डाग रसाच्या आकाराचा उठतो : ओघळ, थेंब, बोटांचे ठसे. एक-दोन दिवसांनी जळजळ आणि फोड, आणि मग काळा डाग जो आठवडे नाही तर महिने राहतो. उन्हाचा काळेपणा घालवायला लिंबू लावणं हा घराघरांतला उपाय आहे आणि तो थांबायला हवा. पुरंदरकडे अंजीर तोडणाऱ्यांच्या हातांवर चिकामुळे येणारे फोड याच जातीचे. पांढऱ्या डागांवर लावायचं बावचीचं तेलही याच कारणाने काम करतं आणि याच कारणाने भाजतं. ते वैद्यांनी सांगितलेल्या मिनिटांपेक्षा जास्त उन्हात घेतलं, तर डागाच्या जागी पाण्याचे फोड येतात.

आत्ता हातांचं काय करायचं? स्वच्छ, साध्या गार पाण्यात (बर्फाच्या नाही) भिजवलेलं सुती फडकं दहा-पंधरा मिनिटं ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा. नंतर कोरडं न घासता टिपून घ्या आणि बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर किंवा कॅलामाइन लावा. फोड फोडू नका, आतलं पाणी आपोआप जिरेल. फुटलाच तर साबणाच्या पाण्याने धुऊन पेट्रोलियम जेली लावा आणि स्वच्छ कापडाने झाका. तुमच्या बाबतीत हे झाकणं जास्तच गरजेचं, कारण मळ्यातलं पाणी उघड्या जखमेला लागणं हाच लेप्टोचा रस्ता. निदान फोड सुकेपर्यंत हात चिखलात घालू नका. हळद, टूथपेस्ट, शाई, खायचा सोडा यातलं काही नको. औषधाच्या दुकानात मागितलं की हातात पडणारी बीटामेथासोनसारखी स्टिरॉइडची ट्यूबही डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नको.

दुखत असेल तर पॅरासिटामोल ५०० मि.ग्रॅ.ची गोळी घ्या, दोन मात्रांत सहा तासांचं अंतर ठेवून. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा त्यांचा मेळ असलेल्या अंगदुखीच्या गोळ्या मात्र तुम्ही घेऊ नका. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि ही वेदनाशामकं, अशी तीन एकत्र आली की मूत्रपिंडावर ताण येतो, आणि दिवसभर घाम गाळून पाणी कमी प्यायलेल्या माणसात तो लवकर येतो. लावणीच्या दिवसांत कंबर धरते म्हणून ही गोळी सर्रास घेतली जाते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

हे सगळं गोळी-उन्हाचंच आहे याची खात्री कशी करायची? आरशासमोर उभ्या राहा आणि तीन जागा पाहा : कानाच्या मागे, हनुवटीच्या खाली, वरच्या पापण्यांवर. उन्हाने झालेलं असेल तर या सावलीतल्या जागा वाचलेल्या असतात. याच जागांवर खाज आणि खरबरीतपणा जास्त असेल, तर संशय गाजरगवताचा धरा. त्याचे कण हवेतून येतात आणि वळ्यांत साचतात. खाजणारं, ओलसर पुरळ उन्हानंतर दोन-तीन दिवसांनी उठलं आणि झाकलेल्या भागातही पसरलं, तर ती औषधाची प्रकाशातली ॲलर्जी असू शकते. तिथे मात्र ऊन अडवून भागत नाही, औषधच बदलावं लागतं. गालांवर चट्टा, सांधेदुखी आणि तोंडात व्रण असं सगळं एकत्र असेल तर ल्युपसची (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजाराची) तपासणी हवी. गळ्याभोवती हारासारखा काळा पट्टा आणि सोबत जुलाब असतील, तर नायसिन या जीवनसत्त्वाची कमतरता पाहावी लागते. तुमच्या पत्रातल्या खुणा यातल्या कशाशी जुळत नाहीत, पण डॉक्टरांनी एकदा बघणं बरं.

कॅप्सूल सोडण्याबद्दल मला तुमची रक्तदाबापेक्षाही जास्त काळजी वाटते. लेप्टोचे जंतू उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून मळ्याच्या पाण्यात येतात आणि पायांच्या भेगांतून, हातांच्या ओरखड्यांतून शरीरात शिरतात. २००५ च्या जुलैतल्या पुरानंतर मुंबईत या रोगाने माणसं दगावली. कोकणात तो दर पावसाळ्यात असतो. रुग्ण आढळलेल्या भागात भातशेतीत राबणाऱ्यांना साथीच्या काळात आठवड्यातून एकदा २०० मि.ग्रॅ. डॉक्सिसायक्लिन, सहा आठवडे, अशी सरकारी शिफारस आहे ती यासाठी. हाता-मानेचं भाजणं आठवड्या-दोन आठवड्यांत बरं होतं. लेप्टोत मूत्रपिंडं आणि फुप्फुसं जाऊ शकतात. आणि हे नीट लक्षात ठेवा : येत्या महिन्यात एकाएकी ताप भरला, पोटऱ्या आणि कंबर दाबल्यावर दुखायला लागली, डोळे लाल झाले किंवा लघवी कमी झाली, तर 'ऊन बाधलं' म्हणून घरी पडून राहू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि मळ्यात काम करते हे सांगा. कॅप्सूल घेत असलात तरीही, कारण त्या धोका कमी करतात, पूर्ण घालवत नाहीत.

कॅप्सूल घेण्याची वेळ मात्र बदलता येते, आणि इथे तुमच्या हातात बरंच आहे. डॉक्सिसायक्लिनचं रक्तातलं प्रमाण साधारण १६ ते २२ तासांत निम्म्यावर येतं. दोन दिवसांनी जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा उरतो. म्हणजे कातडीला खरा धोका पहिल्या दोन दिवसांत. तुमच्याकडे आठवड्याच्या बाजाराचा किंवा दुसऱ्या कामाचा दिवस ठरलेला असेल, तर कॅप्सूल त्याच्या आदल्या रात्री जेवणाबरोबर घ्या. वार बदलायचा तो आरोग्यसेविकेला सांगून, आणि एकदा बदलला की सात दिवसांचं अंतर कायम. भरपूर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण पडतो. लोहाच्या आणि ॲसिडिटीच्या गोळ्या तिच्यापासून दोन-तीन तास लांब ठेवा, त्या तिला आतड्यात धरून ठेवतात. गरोदर बाई किंवा आठ वर्षांखालचं मूल घरात असेल, तर आपल्यातली कॅप्सूल त्यांना परस्पर देऊ नये.

रक्तदाबाच्या गोळीची वेळ बदलून तसा फायदा नाही. ती रोजची आहे, आणि रात्री घेतली तर लघवीसाठी उठावं लागतं. तिच्याबद्दल डॉक्टरांना सरळ विचारा, "यातला हायड्रोक्लोरोथायझाइडचा भाग काढून दुसरं काही देता येईल का?" नुसतं टेल्मिसार्टन किंवा त्याच्या जोडीला अम्लोडिपिन असे पर्याय असतात. क्लोरथॅलिडोन देतील तर तेही त्याच नात्यातलं आहे, त्यामुळे उन्हाचा प्रश्न पूर्ण मिटेलच असं नाही. इंटरनेटवर कुणी तुम्हाला या औषधाने कातडीचा कर्करोग होतो असं दाखवेल. त्याला आधार आहे : युरोपच्या औषध नियामकांनी २०१८ मध्ये आणि अमेरिकेच्या २०२० मध्ये तसा इशारा दिला. तो बहुतेक गोऱ्या लोकांमध्ये, वर्षानुवर्षं घेतलेल्या एकूण मात्रेवर दिसलेला धोका आहे. आपल्याकडे त्याची भीती बाळगून गोळी टाकून देणं चुकीचं. ओठांना मात्र जपा, विशेषतः तंबाखू किंवा मिश्री चालू असेल तर. ओठावरची न भरणारी चीर दाखवायलाच हवी.

आता उरलेली लावणी. मुलगी सनस्क्रीन सांगते त्यात चूक काही नाही, पण तुमच्या कामात कापड पहिलं, मलम दुसरं. हिशोब करून पाहा. सनस्क्रीन पाकिटावर लिहिल्याइतकं काम करायला ते दाट लावावं लागतं : तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ, एवढं तोंड आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला. मानेच्या मागे आणखी एक रेघ, आणि कोपरापासून खाली प्रत्येक हाताला दोन. झाल्या सात. एका रेघेत साधारण अर्धा ग्रॅम धरला तर साडेतीन ग्रॅम, आणि घामात-पाण्यात दर दोन तासांनी पुन्हा लावायचं म्हणजे दिवसात निदान तीनदा. पन्नास ग्रॅमची ट्यूब पाच दिवसांत संपली. ज्यांची ट्यूब चार-चार महिने पुरते, ते पाकिटावरच्या आकड्याचा जेमतेम काही हिस्सा अंगावर लावत असतात, शहरात असोत की गावात.

त्याऐवजी घरातल्या पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट साडीवर चढवा, बटणं गळ्यापर्यंत लावा. रानात काम करणाऱ्या कितीतरी बाया तसा घालतातच. कापड आभाळाकडे धरून पाहा. विणीतून उजेडाचे ठिपके दिसले तर किरणही तसेच आत येतील. पातळ पांढरा सुती शर्ट भिजला की आणखी कमी अडवतो. गडद रंगाचं, घट्ट विणीचं, सुती-टेरीकॉटचं मिश्रण भिजल्यावरही बरं काम करतं. जॉर्जेटची ओढणी नुसती नावाला. मानेवर टॉवेल असा घ्या की ओणवं झाल्यावर पुढे घसरणार नाही, म्हणजे दोन टोकं शर्टाच्या आत खोचून. घरात जुनं बांबूचं इरलं शिल्लक असेल तर ते काढा. पाठ, मान आणि डोकं तिन्ही झाकतं आणि हात मोकळे राहतात. लावणीच्या ओणव्या अंगासाठी त्याहून सोयीचं काही मला माहीत नाही. त्याच्या जागी आलेला पारदर्शक प्लास्टिकचा कागद पाऊस अडवतो, ऊन फारसं अडवत नाही. वाफ्यातल्या पाण्यावरून ऊन परावर्तित होऊन भाजतं असं म्हणतात, पण साधं पाणी किरणांचा दहावा हिस्साही परत फेकत नाही. तुमचा शत्रू वरून येतो, आणि ओणव्याने काम करताना मान आणि पाठ सरळ त्याच्या समोर असतात.

एवढं झाकल्यावर मलमाला उरतं तोंड, गळा आणि पंजांची वरची बाजू. तीन रेघांचा दीड ग्रॅम, दिवसात तीनदा, साडेचार ग्रॅम. आता तीच ट्यूब अकरा दिवस, म्हणजे तुमची लावणी संपेपर्यंत पुरेल. विकत घेताना एसपीएफ ३० किंवा त्यावर पाहाच, पण तेवढ्यावर थांबू नका. अतिनील किरणांत यूव्हीए आणि यूव्हीबी असे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोचतात, आणि एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबी किरणांबद्दल सांगतो. तीस असलं की त्यातले सुमारे ९७ टक्के अडतात, पन्नासला ९८, फरक फार नाही. औषधांचा त्रास बहुतेक करून यूव्हीए किरणांमुळे होतो. त्यासाठी पाकिटावर 'पीए' आणि त्यापुढे निदान तीन अधिक चिन्हं हवीत, आणि पाण्यात टिकणारं असावं. घराबाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावा. फोड किंवा सोललेली जागा असेल तिथे लावू नका, ती कापडानेच झाका. नाकाच्या शेंड्यावर आणि कानांच्या पाळ्यांवर झिंक ऑक्साइडचं घट्ट पांढरं मलम जास्त टिकतं. दिसतं पांढरंफटक, पण मळ्यात कोण बघतंय.

शक्य असेल तर अकरा ते तीन या वेळेत सावलीतली कामं काढा. यूव्हीबी या वेळेला एकवटलेले असतात. यूव्हीए मात्र सकाळी आठला आणि दुपारी चारलाही बऱ्यापैकी असतात, म्हणून कॅप्सूलनंतरच्या दोन दिवसांत सकाळच्या कोवळ्या उन्हातही शर्ट अंगावर हवाच.

यूव्हीए साध्या काचेतूनही आत येतात. मळ्यात न जाणाऱ्या वाचकांना हे उपयोगी पडेल : एसटीच्या खिडकीशी रोज बसणारे, गाडी चालवणारे (आपल्याकडे उजवा हात आणि गालाची उजवी बाजू), खिडकीजवळ टेबल असलेले. तुम्ही यातलं काही घेत असाल तर वरचं सगळं तुम्हालाही लागू आहे : मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन, सिप्रोफ्लॉक्सासिन-ओफ्लॉक्सासिनच्या जातीची प्रतिजैविकं, हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन, लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड, बुरशीसाठी व्होरिकोनॅझोल किंवा ग्रिसिओफुल्विन, मानसिक आजारासाठी क्लोरप्रोमॅझिन, क्षयाच्या औषधांतलं पायराझिनामाइड, वेदनाशामकांत पायरॉक्सिकॅम आणि नॅप्रोक्सेन. अमिओडॅरोन शरीरात इतकं साठतं की बंद केल्यावरही महिनोनमहिने ऊन बाधतं. गुडघ्याला लावायचं कीटोप्रोफेनचं जेल असेल तर ती जागा जेल बंद केल्यावरही दोन आठवडे झाकून ठेवा. क्षयाची, ठोक्यांची, मनाची औषधं उन्हाच्या भीतीने एक दिवसही आपल्या मनाने सोडायची नाहीत.

मुलीलाही एक विचारा, ताई. ती चेहऱ्याला रात्री कुठलं क्रीम लावते? ट्रेटिनॉइन किंवा अडॅपलिन असेल तर ते रात्रीच, वाटाण्याएवढं, आणि दिवसा सनस्क्रीन. पण गोरं होण्यासाठी म्हणून मैत्रिणीने सुचवलेलं, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड एकत्र असलेलं क्रीम असेल, तर ते काही महिन्यांत कातडी पातळ करतं. मग स्वयंपाकघरातल्या शेगडीची आचही चेहऱ्याला सोसत नाही. अशी ट्यूब अनेक महिने लावून एकदम सोडली तर चेहरा भडकतो, म्हणून ती बंद करायची तीही त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली. हेच क्रीम ती तुम्हाला हातांच्या काळेपणासाठी पाठवेल, तर लावू नका.

मानेचा काळपटपणा महिन्या-दोन महिन्यांत उतरू लागेल. लिंबाचे पट्टे जास्त रेंगाळतील, भात कापणीला येईपर्यंत दिसू शकतात. त्या जागा झाकून ठेवल्या तर लवकर फिकटतात, उघड्या राहिल्या तर पुन्हा गडद होतात. येत्या काही आठवड्यांत हाताची नखं बोटापासून सुटल्यासारखी, टोकाकडे पांढरी-पिवळी दिसायला लागली, तर तेही डॉक्सिसायक्लिन आणि उन्हाचंच काम समजा. अशी नखं बारीक कापा, खाली काडी घालून कोरू नका आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवा. नवीन नख खालून पुढे यायला पाच-सहा महिने लागतात.